आमची वाटचाल : सोसायट्यांचे हिशेब आणि एक कमांड

लोअर परळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), जे नोंदवही (सभासदांची यादी). सुरुवातीला नवं काम आलं की जुन्या कामाचा फोल्डर कॉपी करून नावं बदलायची, अशीच पद्धत होती. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एक जण रजेवर गेला की बाकीच्यांचा वेळ फाइल शोधण्यात जायचा.

नेस्ट जेएस, म्हणजे सर्व्हरचा कोड लिहायची तयार चौकट, घेतलं आणि हे थांबलं. टर्मिनलवर ‘नेस्ट जी रिसोर्स’ आणि पुढे नाव दिलं की ते विचारतं, माहितीची देवाणघेवाण कशी हवी, रेस्ट की ग्राफक्यूएल वगैरे, आणि क्रडचा (नोंद घालणं, वाचणं, बदलणं, काढणं) सांगाडा करू का. मग मॉड्यूल, कंट्रोलर (विनंती घेणारा), सर्व्हिस (प्रत्यक्ष काम करणारी), डीटीओ (येणाऱ्या माहितीचा आकार), एंटिटी (साठवायच्या नोंदीचा आकार), टेस्ट अशा सगळ्या फाइल ठरलेल्या जागी येतात. मुख्य मॉड्यूलमध्ये नोंदही होते. नव्या मुलांना आम्ही आधी ‘ड्राय-रन’ लावूनच चालवायला देतो. फाइल बनत नाही, नुसती यादी दिसते.

पण ती सर्व्हिसची फाइल उघडून बघा. पाच मेथड, आणि प्रत्येकीत ‘धिस ॲक्शन रिटर्न्स ऑल...’ अशा छापाचं एकेक वाक्य. काम तिथून पुढेच आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत, असा २००१ चा शासन आदेश आहे, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. हे कुठलाही जनरेटर लिहून देत नाही. त्यासाठी सेक्रेटरीकाकांसमोर बिलबुक उघडून बसावं लागतं, आणि आम्ही बसतो.

पुढे आम्ही आमचाच साचा केला. नेस्टची कमांड स्कीमॅटिक्सवर, म्हणजे फाइल बनवणाऱ्या साच्यांवर चालते, त्यात आपला संच जोडता येतो. आता नवी फाइल येते तीच सोसायटीनिहाय तपासणी आणि बदल कोणी केला याची नोंद घेऊन. रक्कम नेहमी रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात. दशांशात ठेवली की बेरजेत पैसा इकडचा तिकडे होतो आणि ऑडिटर तिथेच बोट ठेवतो.

साचा बदलला म्हणून आधी बनलेल्या फाइल बदलत नाहीत, त्या हाताने सुधाराव्या लागतात. म्हणून साच्यात ओळ घालण्याआधी आमच्याकडे भरपूर वाद होतो. सध्याचा वाद पुनर्विकासाला गेलेल्या सोसायट्यांचा आहे: सभासद तेच, फ्लॅट नंबर नवे, मग जुन्या खोलीची थकबाकी कुठल्या एंटिटीला जोडायची?