आमची वाटचाल : लग्नपत्रिका ते 150 टी-शर्ट

आप्पांनी जळगावात स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं ते लग्नपत्रिकांवर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नसायची. खाटेवर, कपाटावर, अगदी देवघरासमोरसुद्धा पत्रिका वाळत पडलेल्या. शाळेतून आले की मी त्या मोजून शंभराचे गठ्ठे बांधायचे. पुढे लोक मोबाइलवरच आमंत्रणं पाठवू लागले आणि काम आटलं. मग गणेश मंडळांचे टी-शर्ट, केळीच्या व्यापाऱ्यांच्या टोप्या असं करत आम्ही कापडाकडे वळलो.

बँडचं पहिलं काम आणलं चार कॉलेजच्या पोरांनी. खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी ऐकत वाढलेली, गिटार-ड्रमवर इथल्या अहिराणी बोलीत गाणारी. त्यांना 60 टी-शर्ट हवे होते. ते काम माझ्या हातून बिघडलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची शाई छपाईच्या जाळीतच सुकून बसते, म्हणून प्लॅस्टिसॉल ही प्लॅस्टिकची शाई वापरली. हाताला कोरडी लागली, तशा घड्या घालून दिल्या. दोन धुण्यांत छपाईला भेगा पडल्या! ही शाई हवेनं वाळत नाही. थराच्या तळापर्यंत साधारण 160 अंश सेल्सिअस उष्णता पोचली तरच ती पक्की होते. त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं, हीटर पुरता तापला नव्हता, आणि तापमान मोजायची तसदी मी घेतली नव्हती. सगळे शर्ट परत घेतले, नवे छापून दिले. हंगामाचा नफा त्यात गेला, पण पोरं आम्हाला सोडून गेली नाहीत. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला एक शर्ट घरी नेऊन तीन-चारदा धुते, छपाई दोन्ही हातांनी ताणून बघते, मगच बाकीचे पॅक होतात.

आता त्यांचा जळगावातला कार्यक्रम तोंडावर आला आहे. त्यासाठी 150 टी-शर्ट, एकही जास्त नाही. तिरुपूरहून मागवलेलं 180 जीएसएमचं (चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं) काळं सुती कापड. छातीवर केळफूल आणि त्यातून वर आलेली पावरी, हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. काळ्यावर रंग थेट मारला तर कापड तो गिळून टाकतं. म्हणून आधी पांढरा थर, तो जागेवरच तापवून जरा आवळायचा, त्यावर जांभळा, मग हिरवा. प्रत्येक रंगाच्या जाळीची वेगळी फ्रेम असते; एक फ्रेम केसभर सरकली तरी पानाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. तसे निघालेले शर्ट बाजूला काढलेत, ते विकायचे नाहीत.

पाठीवर ओळ आहे, 'खान्देशना वारा'. डिझाइन करणाऱ्या मुलानं चूक समजून त्याचं 'खान्देशचा' केलं होतं. फिल्मवरून फ्रेम बनवायच्या आदल्या दिवशी ड्रमवाल्याची आजी दुकानात आली होती. तिनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाली, हे आपलं नाही. प्रमाण मराठीत जिथं 'चा' येतो तिथं अहिराणीत 'ना'. एका अक्षरासाठी फिल्म दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवली, आणि बरंच झालं.

एका व्यापाऱ्यानं दुकानात ठेवायला हेच आणखी 500 मागितले. पैसा चांगला होता. पण प्रत्येक शर्टाच्या आतल्या कडेला 1 ते 150 असा नंबर हातानं मारतोय, आणि रांगेत उभं राहून 43 नंबर घेणाऱ्याला महिनाभरानं तोच शर्ट बाजारात टांगलेला दिसला तर त्या नंबराला काय अर्थ? मी नाही म्हटलं. पोरांचं मानधन साउंड आणि गाडीभाड्यातच जातं. टी-शर्टातून राहील त्यावर पुढच्या गाण्याचं रेकॉर्डिंग व्हायचं आहे.

परवा शेवटचा शर्ट उतरला. पुन्हा कुणाला छापता येऊ नये म्हणून पोरांच्या समोरच छातीच्या चित्राच्या तिन्ही फ्रेमा पावडर लावून प्रेशरच्या पाण्यानं धुतल्या. केळफूल जाळीतून वाहून गेलं तेव्हा गिटारवाला मोरीपाशी उभा राहून बघत होता, काही बोलला नाही.

काल रात्री 112 पर्यंत नंबर मारून झाले. आप्पा चष्मा लावून मोजायला बसले होते, दहा-दहाचे गठ्ठे करत. उरलेले 38 आज.