शेजाऱ्यांच्या सुऱ्या

ड्युसेलडॉर्फहून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर सोलिंगेन. जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. बाहेर कुठेतरी बनवलेल्या सुरीवर 'सोलिंगेन' असा शिक्का मारायचा नाही, असा १९३८ पासून कायदाच आहे. आणि अशा गावाच्या उशाशी राहणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांच्या घरात टोमॅटो चिरला जात नाही, ठेचला जातो!

खालच्या मजल्यावरच्या आजींना भरल्या वांग्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा त्या कांद्याशी झटत होत्या. सुरी लग्नातली, अस्सल सोलिंगेनची, पण इतक्या वर्षांत तिला दगड कधी लागलाच नव्हता. म्हटलं, द्या इकडे.

लहानपणी सांगलीत दारावर धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवून पेडल मारायचा आणि चाकातून ठिणग्या उडायच्या. आम्ही बघत बसायचो. आता कळतं, पातं तसं तापलं की त्याला दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतो. माझं काम संथ. हजार नंबरचा जपानी दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की ओल्या फडक्यावर मांडायचा. मोठ्या सुरीची पाठ दगडापासून करंगळीच्या जाडीएवढी उचलायची आणि तो कोन न हलवता घासत राहायचं. दगडावर राखाडी चिखल येतो, तो धुऊन टाकायचा नाही. घासायचं अर्धं काम तोच करतो. पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली, की सुरी उलटायची. शेवटी सहा हजार नंबरच्या, अजून बारीक दगडावर हलके हात.

आजींनी टोमॅटोवर सुरी नुसती टेकवली आणि "ओ!" म्हणाल्या. झालं, जिन्यात बातमी पसरली. आता शनिवारी सकाळी कोणी ना कोणी टॉवेलात सुरी गुंडाळून दारात उभं असतं.

सगळ्यांची दुखणी तीच. काचेचा कटिंग बोर्ड, नाहीतर डिशवॉशर. एकदा मीही माती खाल्ली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची लाटांच्या नक्षीची महागडी जपानी सुरी मी फार आडवी धरली आणि नक्षीवर ओरखडे उमटले. तो काही बोलला नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

"नवी कोणती घेऊ?" हा प्रश्न ठरलेला. सेटच्या लाकडी ठोकळ्यावर पैसे घालू नका, त्यातल्या निम्म्या सुऱ्या बाहेरच निघत नाहीत. व्हिक्टोरिनॉक्सची प्लॅस्टिक मुठीची छोटी सुरी पाचेक युरोला मिळते आणि तिने निम्मा स्वयंपाक होतो. त्याच कंपनीची वीस सेंटिमीटरची मोठी सुरी चाळीसच्या आसपास. हौस असेल तर सोलिंगेनचीच पवनचक्कीच्या छापाची साध्या पोलादाची छोटी सुरी घ्या. धार अप्रतिम, पण लिंबू चिरून ओली ठेवलीत तर काळी पडेल, गंजेल. आपल्या विळीला पुसून ठेवायची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

आजींच्या वाढदिवसाला मी तीच नेली. कागद सोडवला आणि त्या घाईघाईने आत गेल्या. मला वाटलं, आवडली नाही. पर्स घेऊन आल्या आणि एक सेंटचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. सुरी फुकट घेतली की मैत्री तुटते म्हणे, म्हणून ती विकत घ्यायची. दगडाच्या डब्यात आता अशी चार नाणी झालीत.