विरार फास्ट आणि मी टेबलाखाली

सुट्टीला अंधेरीला येऊन तिसराच दिवस, जेवताना कपाटातली भांडी किणकिणली आणि मी ताट सोडून सरळ डायनिंग टेबलाखाली, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरून. आई म्हणाली, "अगं बाहेर ये, विरार फास्ट गेली." सगळे खो खो हसले, मीही हसले, पण सहा वर्षं न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये, सारख्या भूकंपांच्या गावात काढली की काही हललं की टेबलाखाली घुसणं अंगातच भिनतं, त्याला काय करणार.

मग बाबांचं नेहमीचं, असल्या डळमळत्या गावात राहायची हौस कोणाला! (माझं घर लाकडी आहे, ते हलतं पण मोडत नाही, हे शंभरदा सांगून झालंय.)

म्हणून त्यांना लॅम्ब्टन की रस्त्याचं सांगितलं. ऑफिसला जाताना फुटपाथवर चकत्या दिसतात, 1840 साली समुद्राचा किनारा इथे होता असं सांगणाऱ्या, आणि समुद्र बघायचा तर आता तिथून चालत जावं लागतं. 23 जानेवारी 1855च्या रात्री 8.2चा भूकंप झाला आणि शहराखालची जमीन साधारण दीड मीटर वर आली, म्हणजे जवळजवळ माझ्या नाकापर्यंत, एका रात्रीत! जिथे जहाजांसाठी गोदी काढायची होती ती दलदल वर उचलली गेली आणि तिथे क्रिकेटचं ग्राउंड झालं, बेसिन रिझर्व्ह, आपली टीम टेस्ट खेळते तेच. शहराबाहेर तुराकिरेला तर सील प्राण्यांच्या वासातून नाक धरून चालत जा, गोट्यांचे जुने किनारे एकामागे एक पायऱ्यांसारखे चढत गेलेत, त्यातला 1855चा सुमारे सहा मीटर उचललेला, मागचे त्याहून जुन्या भूकंपांचे. पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली घुसते, जमीन वर येते, बस.

"म्हणजे समुद्रात भराव घातलेलाच नाही?" बाबांनी विचारलं.

आहे हो, माणसांनी पण घातलाय, मान्य करावं लागलं.

"मग आम्ही सात बेटं जोडली तेव्हा कुठे भूकंप लागला!" आणि बाबांनी खिडकीतून अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवली. ते काळे खांब साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, न्यूझीलंडच्या सदर्न आल्प्सचे डोंगर त्यापुढे कालची पोरं, यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

तेवढ्यात आईने 1967चा डिसेंबर काढला, कोयनेचा भूकंप, पहाटे गिरगावची चाळ हलली तेव्हा बाबा चड्डीवर गॅलरीत पळाले होते म्हणे. मी विचारलं, टेबलाखाली का नाही गेलात?

"चाळीत टेबल कुठलं गं?"