व्हीटीच्या दगडावर तिरकं ऊन : ब्लॅक अँड व्हाइट प्रोजेक्ट, जानेवारीपर्यंतची प्रगती

मंडळी, सीएसएमटीचे, म्हणजे जुन्या व्हीटी स्टेशनचे, फिल्म रोलवर फोटो काढायच्या माझ्या प्रोजेक्टची बरीच गाडी पुढे गेलीय. रत्नागिरीहून कोकणकन्येने रात्रीचं निघायचं, पहाटे थेट व्हीटीला उतरायचं आणि रात्री अकराच्या गाडीने परत, त्यामुळे अख्खा दिवस हातात मिळतो आणि एकच इमारत दिवसभर कशी बदलते ते नीट बघता येतं. आता एवढं नक्की सांगू शकतो की या स्टेशनला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लेन्सपेक्षा घड्याळ जास्त लागतं.

कारण असं की इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे उतरल्यावर रस्ता मोकळा असतो, हात शिवशिवतात, पण त्यावेळी दर्शनी भाग पूर्ण सावलीत असतो आणि मागचं आकाश उजळत जातं. दगडाचा फोटो तेव्हा सपाटच येणार. तेव्हा मी फक्त घुमट घेतो, वर ती ‘प्रोग्रेस’ची मूर्ती आहे ना, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक, तिची काळी आकृती उजळ आकाशावर फार सुंदर येते. एक्सपोजर आकाशावर मोजायचं, बाकी सगळं काळं जाऊ द्यायचं.

खरी मजा दुपारी. दुपारचं ऊन फोटोसाठी वाईट असं आपण सगळेच ऐकत आलोय, पण इथे ते लागू होत नाही! जानेवारीत मुंबईत सूर्य दिवसातला सगळ्यात वर येतो तो पाऊणच्या सुमारास, आणि तेव्हाही तो दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो, म्हणजे पश्चिमेकडे तोंड केलेल्या भिंतीला ऊन अगदी घासून जातं आणि एक ते दोनच्या दरम्यान प्रत्येक पान, प्रत्येक प्राणी, कमानीची प्रत्येक कड आपापली सावली घेऊन बाहेर येते. हे कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे आणि ते असं बघितलं की त्या पोरांबद्दल मनापासून आदर वाटतो. साडेतीननंतर ऊन समोरून पडायला लागतं, भिंत उजळते पण खोली जाते, कलरवाल्यांना ती वेळ बरी. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जांच्या सावल्या कोरीवकामावर लांब पडतात, म्हणून मी हा प्रोजेक्ट थंडीतच करतोय.

इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि साधारण दहा वर्षं चाललं. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरच्या चौकातली महापालिकेची इमारतही त्याचीच, आणि मला सगळ्यात सोयीची जागा त्या बाजूचाच फूटपाथ वाटते. लांब उभं राहून ५० एमएमच्या लेन्सने काढलं की कॅमेरा फारसा वर करावा लागत नाही, त्यामुळे खांब मागे पडल्यासारखे दिसत नाहीत. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ मात्र जवळ जाऊन १०५ एमएमच्या लेन्सने.

कॅमेरा निकॉन एफएम२, फिल्म इल्फोर्ड एचपी५ प्लस. पिवळट दगड आणि निळं आकाश असल्यामुळे नारिंगी फिल्टर लावतो, दगड उजळतो आणि आकाश एक-दोन पायऱ्या खाली उतरतं. लाल पण लावून बघितला, आकाश फारच काळं होतं आणि इमारत भुताटकीची वाटायला लागते, माझ्या मते या स्टेशनला तो शोभत नाही. उन्हातला दगड आणि कमानींच्या आतली सावली यात फरक प्रचंड असतो, म्हणून ४०० स्पीडची फिल्म २०० ची धरून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन, सावलीला डिटेल देतो आणि डेव्हलपिंग कमी करून उजेड आवरतो.

आता आपल्या कोकणातला मुख्य मुद्दा, पाणी. आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, एचपी५ ला २० डिग्रीला १३ मिनिटं, पण रत्नागिरीत टाकीचं पाणी २० डिग्रीला आणणं म्हणजे बर्फ सांभाळत बसणं आलं. मी सरळ २४ डिग्रीवर काम करतो, तिथे साधारण नऊ मिनिटं होतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे कमी करायचं म्हणून मी साडेसातला थांबतो. बर्फ पिशवीत घालून बाहेरच्या बादलीत, आणि फिक्सर, धुवायचं पाणी सगळं त्याच तापमानाला, नाहीतर इमल्शनला सुरकुत्या पडायची भीती. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. थंडीत फिल्म रात्रभरात छान वाळते. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, आणि दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे करून घ्यायचे, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीला एक सीझन पुरतो.

आतला स्टार चेंबर, म्हणजे तो तिकीट हॉल, सध्या माझा सगळ्यात आवडता. छताला निळ्यावर सोनेरी तारे आहेत. फिल्टरशिवाय दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात, नारिंगी लावला की निळा खाली जातो आणि तारे सुटे होतात. पण प्रकाश कमी, त्यात फिल्टर, त्यामुळे एक्सपोजर लांबतं, आणि लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते म्हणून मीटर चार सेकंद म्हणाला तर एचपी५ ला प्रत्यक्षात सहा द्यावे लागतात. ट्रायपॉड लावायचा तर आधी रेल्वेची परवानगी घ्या. सहा सेकंदांत चालणारी माणसं विरून जातात आणि रांगेत उभी असलेली तेवढी राहतात, हे मला छतापेक्षाही आवडलंय.

पुढच्या खेपेला दर्शनी भागावरचे चेहरे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या डायरेक्टर मंडळींचे आहेत, त्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभायही आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्यामागे ज्यांची खटपट होती त्यांचे चेहरे रोज लाखो लोकांच्या डोक्यावर आहेत आणि वर बघायला कुणाला वेळ नाही, म्हणून एकेकाचं मोठं, स्वच्छ पोर्ट्रेट करायचंय, दीडच्या उन्हातच. १०५ अपुरी पडेल असं वाटतंय. एवढ्या उंचीवरचं कोरीवकाम कुणी १०५ ला टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावून काढलं असेल तर ८ बाय १० च्या प्रिंटला शार्पनेस पुरतो का, की सरळ २०० एमएम शोधू, ते सांगा.