डेटाबेसच्या तीन मशीनचं स्थलांतर : १९२.१६८ मधून १०.२३१ मध्ये

मागच्या नोंदीत तिन्ही मशीन उभी राहिल्याचं लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती, ‘पत्त्यांचं नंतर बघू.’ पत्ते म्हणजे जाळ्यात प्रत्येक मशीनला मिळणारे आयपी नंबर. ते ‘नंतर’ या महिन्यात आलं आणि चार रविवार घेऊन गेलं. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय. ज्यांची मशीन अजून खोक्यात आहेत त्यांनी आधी हीच वाचावी.

नव्यांसाठी थोडक्यात मांडणी. राजारामपुरीतल्या आमच्या घरी जिन्याखालच्या कपाटात तीन जुने, ऑफिसातून निघालेले छोटे पीसी आहेत. तिघांवर प्रॉक्समॉक्स (एका पीसीत अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली), आणि प्रत्येकावर एकेक व्हर्च्युअल मशीन पोस्टग्रेस या डेटाबेससाठी. एक प्रायमरी, जिथे नोंदी लिहिल्या जातात, आणि दोन स्टँडबाय, जे तिची सतत नक्कल ठेवतात (हेच रेप्लिकेशन). आत आहे माझा छंद : राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेच्या पातळीच्या मी पावसाळ्यागणिक टिपलेल्या नोंदी आणि आमच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे आकडे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ज्या दिवशी पातळी चढते त्याच दिवशी लाइट जाते, आणि त्याच दिवशी मला नोंद करायची असते. म्हणून एकाऐवजी तीन मशीन.

सुरुवातीला तिघांना पत्ते दिले ते इंटरनेटवाल्याच्या राउटरने आपणहून वाटलेले. १९२.१६८.१.११, १२, १३. घरात सगळं नीट चालायचं. बिघडलं ते सांगलीला. ताईच्या घरी एक चौथं मशीन बॅकअपसाठी ठेवलंय (पूर आला की दोन्ही गावांत एकदमच येतो याची मला कल्पना आहे, पण ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे). दोन्ही घरांमध्ये वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) टाकला, तिकडच्या मशीनवरून १९२.१६८.१.११ ला पिंग मारला आणि लगेच उत्तर आलं. मी खूश. मग डेटाबेसला जोडायला गेलो तर कनेक्शन नाकारलं. पासवर्ड तपासले, फायरवॉल तपासली, पोस्टग्रेस दोनदा रीस्टार्ट केलं. तासाभराने लक्षात आलं की उत्तर देत होता तो ताईचा प्रिंटर. तिच्या राउटरचं जाळंही १९२.१६८.१ च होतं, त्यामुळे पॅकेट बोगद्यात शिरतच नव्हतं, तिच्या घरातच फिरत होतं.

तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली. पत्ता निवडताना आज आपल्याकडे काय आहे हे बघून भागत नाही; उद्या आपलं जाळं कुणाकुणाच्या जाळ्याला जोडलं जाईल ते बघावं लागतं.

खासगी जाळ्यांसाठी आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने १९९६ सालीच तीन पट्टे राखून ठेवलेत : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ (तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले; तो जितका लहान तितका पट्टा मोठा). तिसरा पट्टा मी आता सोडून दिलाय. घरोघरचे राउटर तिथेच राहतात, आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिबव्हर्टचं नेहमीचं जाळंसुद्धा १९२.१६८.१२२ वर असतं. मधल्यात डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत (कंटेनरांत) चालवणारा प्रोग्रॅम, बसलेला असतो. त्याचा मूळ पूल १७२.१७ चा, आणि नवी जाळी बनवत गेलं की तो १८, १९ असा पुढे सरकत जातो. डेटाबेस १७२.१८ मध्ये ठेवला आणि एखाद्या क्लायंट मशीनवरच्या डॉकरने तोच पट्टा घेतला, तर त्या मशीनपुरता डेटाबेस दिसेनासा होतो. बाकी सगळीकडून तो दिसतो, आणि म्हणूनच असं दुखणं सापडायला वेळ लागतो. राहिला दहाचा पट्टा. त्यात एक कोटी सदुसष्ट लाखांवर पत्ते आहेत, तरी बहुतेक जण १०.०, १०.१ किंवा १०.१० वरच येऊन बसतात. १००.६४.०.०/१० कडेही काही जणांची नजर जाते. तो पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देण्यासाठी) २०१२ मध्ये वेगळा काढलाय, आणि खासगी जाळी जोडून देणारं टेलस्केलही तोच वापरतं. आमच्या घरचं कनेक्शन अशाच नॅटमागे आहे, तेव्हा तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. (त्यामुळेच वायरगार्डची हाक मी कोल्हापुरातून सांगलीला मारतो. तिकडे बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळतो. दर २५ सेकंदांनी एक पॅकेट जातं, म्हणून वाट उघडी राहते.)

दहाच्या पट्ट्यात दुसरा आकडा कोणता घ्यायचा यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी उत्तर घरच्या जुन्या लँडलाइनच्या बिलावर सापडलं. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. २३१ हा २५५ च्या आत बसतो, सहसा कुणी निवडत नाही, आणि मला झोपेतही आठवेल. म्हणून घरचं सगळं १०.२३१.०.०/१६. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस घराण्यातल्या मोठ्या प्रोग्रॅमांचे मूळ पट्टे एकदा ताडून पाहिले : के३एस १०.४२ आणि १०.४३ घेतं, क्यूबॲडमच्या सर्व्हिसेस १०.९६ पासूनच्या /१२ च्या पट्ट्यात असतात, फ्लॅनेल १०.२४४ वर. २३१ मोकळा होता.

तिसरा आकडा म्हणजे व्हीएलॅनचा (एकाच स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी जाळ्याचा) नंबर, हा नियम सरळ आहे आणि त्यात चूक होत नाही. व्हीएलॅन २० म्हणजे १०.२३१.२०.०/२४, तिथे डेटाबेस. राजारामपुरीत ‘आठवी गल्ली’ म्हटलं की रिक्षावाल्याला पुढचं विचारावं लागत नाही, तसंच लॉगमध्ये २० दिसलं की मला कळतं काय चाललंय. रेप्लिकेशनसाठी वेगळी गल्ली काढायचा मोह झाला होता. अर्ध्या दिवसात तो विचार सोडला. माझ्या प्रत्येक पीसीला गिगाबिटची एकच केबल आहे, आणि एकाच केबलवर दोन व्हीएलॅन केल्याने वेग वाढत नाही. दोन नेटवर्क कार्डं असतील त्यांनी जरूर वेगळं करावं.

खरी मजा चौथ्या आकड्यात आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. मी आधी ११, १२, १३ आणि सामायिक पत्त्यासाठी (जो त्या वेळच्या प्रायमरीकडे जातो) २० ठरवलं होतं. दिसायला छान. मग पीजी_एचबीए फाइल, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्याची पोस्टग्रेसची यादी, लिहायला बसलो. या चार पत्त्यांना एका ओळीत पकडायचं तर ११ ते २० हा तुकडा एका मास्कमध्ये (पट्ट्याची लांबी ठरवणाऱ्या तिरप्या रेघेपुढच्या आकड्यात) बसत नाही, कारण मध्ये १६ ची सीमा येते. तीन-चार ओळी लिहा, नाहीतर अख्खा /२४ मोकळा सोडा. त्याऐवजी १६ ते ३१ हा तुकडा घेतला तर तो नेमका १०.२३१.२०.१६/२८. सोळा पत्ते, एक ओळ. आता मशीन १७, १८, १९ वर आहेत, सामायिक पत्ता ३०, आणि रेप्लिकेशनची परवानगी फक्त या /२८ ला. जाळ्याचा मास्क मात्र सगळ्यांचा /२४ च आहे. /२८ हा केवळ नियम लिहिण्यापुरता. फायरवॉलमध्येही तीच एक ओळ चालते. पुढे चौथं-पाचवं मशीन आलं तरी नियमाला हात लावायला नको. एक आठवण : पीजी_एचबीएमध्ये डेटाबेसच्या रकान्यात ‘ऑल’ लिहिलं तरी त्यात रेप्लिकेशन येत नाही, त्याची ओळ वेगळीच लागते.

उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेला माझा मित्र हे सगळं बघत बसला होता. म्हणाला, “भावा, गल्लीत घरं तीन, आन् नकाशा अख्ख्या गावाचा काढायलायस.” मी त्याला त्याच्याच वर्कशॉपमधली पान्यांची फळी दाखवली. प्रत्येक पान्याची आकृती रंगवून ठेवलीय, कुठला गायब आहे ते लांबून दिसतं. त्याने मान डोलावली आणि स्विचमधली केबल हलली का ते बघायला स्वतःच वाकला.

आता पत्ते मशीनला कसे मिळतात ते. आधी मी राउटरमध्ये डीएचसीपीचं (राउटरने पत्ते वाटण्याच्या पद्धतीचं) आरक्षण करून ठेवलं होतं, म्हणजे ठरावीक मशीनला ठरावीक पत्ता. मला ते पुरेसं वाटायचं. मे महिन्यातल्या एका वळिवाच्या रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, आणि पहाटे सगळं एकदम चालू झालं. पीसी राउटरच्या आधी उठले. पोस्टग्रेस सुरू झालं तेव्हा मशीनकडे पत्ताच नव्हता. लिसन_ॲड्रेसेसमध्ये (पोस्टग्रेसने कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं त्या सेटिंगमध्ये) मी लोकलहोस्ट (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) आणि तो पत्ता असे दोन्ही लिहिले होते. पोस्टग्रेसला लोकलहोस्टवर जागा मिळाली, दुसऱ्या पत्त्यावर मिळाली नाही, तर त्याने लॉगमध्ये एक इशारा लिहिला आणि काम चालू ठेवलं. एकही जागा मिळाली नाही तरच ते बंद पडतं. त्यामुळे सर्व्हिस हिरवी दिसत होती, मशीनवर लॉगिन केलं की क्वेरी चालत होती, आणि बाहेरून कुणालाच आत जाता येत नव्हतं. स्टँडबाय दोघं सकाळपर्यंत दार वाजवत राहिले.

तेव्हापासून डेटाबेसच्या मशीनचा पत्ता मशीनमध्येच लिहिलेला असतो. डीएचसीपी टीव्ही आणि मोबाइलसाठी ठीक आहे. शिवाय पोस्टग्रेसच्या सर्व्हिसला सिस्टमडीमधून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) नेटवर्क-ऑनलाइनची वाट बघायला लावली.

नावांचं वेगळं आहे. क्लायंट प्रोग्रॅममध्ये मी आता कुठेही आकडे लिहीत नाही, नावंच लिहितो. नावाच्या शेपटीला इंटर्नल घेतलंय. इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी राखून ठेवलं, तेव्हा बाहेरच्या कुणाशी गाठ पडणार नाही. लोकल ही शेपटी टाळा, ती मल्टिकास्ट डीएनएसची (घरातल्या यंत्रांनी एकमेकांना नावाने शोधायच्या पद्धतीची) आहे. मात्र तिन्ही डेटाबेस मशीनवर एकमेकांची नावं होस्ट्स फाइलमध्येही लिहिली आहेत, कारण नावावरून पत्ता सांगणारा माझा डीएनएस सर्व्हर याच तीन पीसींपैकी एकावर चालतो. तो उठायच्या आधी स्टँडबायला प्रायमरी सापडायला हवी.

सामायिक पत्ता, म्हणजे तो ३०, खरं तर लागतो का यावर मी बराच डळमळलो. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लायब्ररीत आवृत्ती १० पासून तिन्ही मशीनची नावं एका ओळीत देता येतात, आणि टार्गेट_सेशन_ॲट्रिब्यूट्स रीड-राइट ठेवलं की ती लिहिता येणारं मशीन स्वतः शोधते. माझ्या सगळ्या स्क्रिप्ट तशाच चालतात आणि मला हीच पद्धत आवडते, कारण मध्ये बिघडायला काही नसतं. पण आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकच पत्ता लिहायची जागा आहे. केवळ त्याच्यासाठी कीपअलाइव्हडी, सामायिक पत्ता एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणारं साधन, बसवलं. ते दर काही सेकंदांनी विचारतं, हे मशीन रिकव्हरीत (म्हणजे स्टँडबाय) आहे का. नसेल तर ३० हा पत्ता त्याच्याकडे. प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये आयपी फिल्टर चालू असेल तर हा जास्तीचा पत्ता त्या यादीत घालावा लागतो, नाहीतर पॅकेट मुकाट गळून पडतात. ओपनस्टॅक ही क्लाउड प्रणाली वापरणाऱ्यांना हेच पोर्टच्या अलाउड ॲड्रेस पेअर्समध्ये करावं लागतं. स्टँडबायला बढती मात्र मी हातानेच देतो, आणि आधी जुन्या प्रायमरीची सर्व्हिस बंद करून ठेवतो. दोन मशीन एकाच वेळी स्वतःला प्रायमरी समजायला लागली तर माझ्या नोंदी दोन वाटांनी फुटतील, आणि त्या परत जुळवणं मला जमणार नाही.

प्रत्यक्ष बदल मी डेटाबेस बंद न ठेवता करायचा ठरवला होता. तो जवळजवळ जमला. प्रत्येक मशीनला जुना पत्ता तसाच ठेवून नव्या व्हीएलॅनचा दुसरा दिला. पीजी_एचबीएमध्ये दोन्ही पट्टे. लिसन_ॲड्रेसेस बदललं की रीस्टार्ट लागतोच, तेवढे काही सेकंद गेले. मग आधी एक स्टँडबाय नव्या पत्त्याने जोडला, पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये तो १०.२३१ वरून आलेला दिसला, मग दुसरा. त्यानंतर आठवडाभर रोज पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधला क्लायंट_ॲड्रेसचा रकाना बघत राहिलो : जुन्या पत्त्यावरून अजून कोण येतंय? पाचव्या दिवशी एक सापडला. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचा रास्पबेरी पाय. त्याच्या स्क्रिप्टमध्ये मी कधीकाळी १९२.१६८.१.११ हाताने लिहून ठेवलं होतं, आणि तो दिवसातून एकदाच, पहाटे, आकडे पाठवतो. पहिल्याच दिवशी जुना पत्ता काढला असता तर पावसाच्या नोंदी हरवल्या असत्या आणि मला कळलंही नसतं. तेव्हा घाई करू नका, किमान आठवडा द्या, आणि महिन्यातून एकदा चालणारं काही असेल तर महिना.

प्रॉक्समॉक्सचे स्वतःचे पत्ते अजून १९२.१६८.१ मध्येच आहेत. ते हलवायचे तर कोरोसिंकची (प्रॉक्समॉक्सची मशीन एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल, होस्ट्स फाइल, सगळं एका दमात बदलावं लागतं, आणि तीनपैकी किमान दोन मशीन एकमेकांना दिसत राहिली नाहीत तर कोरम (लागणारं बहुमत) जातो. बोगद्यातून फक्त व्हीएलॅन २० जातं, तेव्हा त्याचा त्रास नाही. ते काम दसऱ्यानंतर.

सांगलीला, अर्थातच, ०२३३ वरून १०.२३३ द्यायचं मी मनाशी नक्की केलं होतं. ताईला फोनवर सांगितलंही, तिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी कुबरनेटीस बसवायला वापरतात त्या क्यूबस्प्रेची फाइल उघडली, कारण हिवाळ्यात ते लावून बघायचा विचार आहे, आणि त्यात सर्व्हिसेसचा मूळ पट्टा निघाला १०.२३३.०.०/१८, पॉड्सचा (कंटेनरांच्या गटांचा) १०.२३३.६४.०/१८. तो बदलता येतो, पण बदलायचं लक्षात ठेवणं माझ्यावर सोपवायला मी तयार नाही. ताईला परत फोन केला. “मग आम्ही काय इचलकरंजीत राहायचं का?” असं विचारून ती हसली. इचलकरंजीचा कोड ०२३०. ताडून पाहिलं, १०.२३० मोकळा आहे. पुढच्या रविवारी सांगलीला जाऊन तोच टाकणार आहे, आणि बॅकअपचं मशीन १०.२३०.२०.१७ वर बसेल.