जाळे, जाळी आणि कस्टमचा कोड

परदेशी पुरवठादार इन्व्हॉइसवर ‘फिशिंग नेट’ एवढेच लिहितो आणि आयातदार डोळे झाकून ५६०८ ११ १० हा कोड टाकतो. हा कोड नायलॉनच्या तयार मासेमारी जाळ्यांचा. न्हावाशेवाला उतरलेल्या गाठोड्यात पुष्कळदा निघते ती सलग जाळी, म्हणजे थानासारखा लांब पट. तिला दोर, बोये आणि शिसे इथे आल्यावर लागायचे असतात. नाव तेच, पण वर्गीकरण बदलते.

कस्टम टॅरिफच्या ५६०८ या शीर्षकात दोन गोष्टी आहेत. सुतळी किंवा दोरीची, गाठी मारलेली सलग जाळी ही पहिली. कृत्रिम धाग्याची असेल तर ती ५६०८ १९ मध्ये जाते. दुसरी म्हणजे तयार जाळे. त्याला गाठ असो वा नसो, सुताची जाडी कितीही असो, फरक पडत नाही. बोये आणि शिसे लावलेले असले तरी कोड तोच राहतो.

खरी अडचण सलग मालात. मासेमार ज्याला सुतळी म्हणतो ती कस्टमच्या लेखी सुतळी असेलच असे नाही. टॅरिफच्या विभाग ११ (कापड) मधल्या टीप ३ प्रमाणे कृत्रिम धागा १०,००० डेसिटेक्सहून (दहा हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन) जड हवा, म्हणजे मीटरमागे एक ग्रॅमच्या वर. आता हिशेब करा. २१० डेनियर (नऊ हजार मीटरचे ग्रॅममधले वजन) म्हणजे सुमारे २३३ डेसिटेक्स. २१०/१२ चा, म्हणजे असे बारा पदर असलेला धागा २,८०० वर थांबतो, २१०/३६ चा ८,४०० वर. २१०/४५ ला कुठे १०,५०० होतात. मर्यादेहून हलक्या, पीळ दिलेल्या धाग्याची गाठीची सलग जाळी ५८०४ (जाळीदार कापड) कडे झुकते. घट्ट वेणीच्या दोरीला मात्र वजनाची ही अट नाही. एकेरी मोनोफिलामेंट (एकच सलग तंतू) सुतळीत धरतच नाहीत, आणि त्याची जाडी १ मिलिमीटरच्या वर गेली की ते कापड विभागातूनच बाहेर पडते. राशेल या विणकाम यंत्रावर विणलेली बिनगाठीची सलग जाळी ६००५ (यंत्रावर विणलेले निटेड कापड) मध्ये पाहावी.

शंका असेल तर नमुन्यातले दोन गाठींमधले सरळ तुकडे कापा, एकूण एक मीटर भरेल इतके, आणि मिलिग्रॅमचा काटा वापरा. मिलिग्रॅममधल्या वजनाला दहाने गुणले की डेसिटेक्स मिळतात. डांबराचा किंवा रेझिनचा लेप असेल तर वजन फुगते, म्हणून लेपाआधीच्या धाग्याचे माप पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

‘तयार’ कशाला म्हणायचे, ते त्याच विभागाची टीप ७ सांगते. नुसता चौकोनी कापलेला तुकडा तयार ठरत नाही. शिवून जोडलेला किंवा थेट वापरता येईल असा बनवलेला माल ठरतो. दांड्याचे हातजाळे तर या सगळ्यातून वेगळे, त्याची जागा ९५०७ (मासेमारीची साधने).

इन्व्हॉइसवर धाग्याचा प्रकार आणि क्रमांक, पीळ की वेणी, गाठ आहे की नाही, आसाचे (जाळीच्या घराचे) माप, पटाची लांबी-खोली आणि दोर लावला आहे का, हे सगळे लिहून घ्या. ‘नायलॉन’ लिहून पॉलिथिलीन आले तर ११ १० चा दावा तिथेच पडतो आणि कस्टम्स कायद्यातले चुकीच्या घोषणेचे कलम १११(एम) लागू शकते. माल बंदरात अडला की डिटेंशन (कंटेनर अडकल्याचे शुल्क) रोज चढते आणि तो बोजा शेवटी जाळे घेणाऱ्या कोळ्यावर पडतो. म्हणून नियमित आयात करणाऱ्याने माल निघण्याआधीच त्याच कायद्याच्या कलम २८एच खाली मुंबईच्या अॅडव्हान्स रूलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि अर्जासोबत नमुना व धाग्याचे माप जोडावे.