तुम्ही विचारलंत म्हणून : लेकीला अडवत का नाही?

शाळेच्या गेटापाशी, हळदीकुंकवाला, गल्लीच्या तोंडाशी भाजी घेताना हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. "तुमची पोरगी कुणाशीपण बोलते की हो. परवा पोलिसाजवळ जाऊन उभी होती. तुम्ही काही म्हणत नाही?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून नीट सांगते.

ती पाच वर्षांची होईपर्यंत आमच्याही घरात ताटापाशी पोलीस यायचा. "जेव की गं, नाहीतर पोलिसाला देतो बघ," असं आज्जी म्हणायच्या. मीही म्हटलंय. भात संपायचा. मग एका दिवाळीच्या आधी इथं बेळगावच्या खडेबाजारात ती माझ्या हातून सुटली. पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे ढीग आणि पाय ठेवायला जागा नाही. वीस मिनिटं मी तिचं नाव घेत ओरडत फिरले. सापडली ती एका कापडाच्या दुकानात, गाठोड्यांच्या मागं अंग चोरून बसलेली. दुकानदार म्हणाले, "समोरच दोन पोलीस होते, ताई. त्यांना बघून ही अजूनच आत सरकली." रात्री कुशीत शिरून तिनं कारण सांगितलं, "मी सकाळी सगळं जेवले नव्हते ना."

आमच्या घरातली ती भीती त्या रात्री बंद झाली. आज्जींनाही सांगितलं, त्यांनी लगेच मानलं. पण नुसतं "पोलीस चांगले असतात" म्हणून पोरीची भीती जात नाही, तिला त्यांच्याजवळ जाता यायला हवं. पुढच्या गणपतीत गल्लीच्या मंडपाशी बंदोबस्ताला एक तरुण शिपाई होते, विजापूरकडचे. मी तिचा हात धरून गेले. "निन्न हेसरेनु?" तुझं नाव काय, त्यांनी विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि शेजारच्या पोरांकडून शिकलेल्या कन्नडात उलट विचारलं, "निम्मूर याव्दु?" तुमचं गाव कुठलं? ते खुर्ची ओढून खाली वाकून बसले. मग प्रश्न थांबेनात. काठी जड आहे का? रात्री झोपता कुठं? तुमच्या घरी गणपती बसलाय का? शेवटच्या प्रश्नाला ते जरा थांबले. बसलाय म्हणाले, पण सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मोदक नेऊन दिला आणि "ऊटा आता?" म्हणजे जेवण झालं का, म्हणून चौकशी केली. बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. त्या रात्री ती झोपेतून उठून विचारत होती, काका अजून उभेच असतील का गं?

आता अनोळखी माणसांचं. २०१८ साली मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरले होते. त्याच जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, आणि इकडे बीदर जिल्ह्यातल्या मुरकीत एका तरुणाचा जीव गेला. त्याच्यासोबतच्यांनी वाटेत शाळेच्या पोरांना चॉकलेटं दिली होती, एवढंच. आपण मोठी माणसं भीतीनं काय करू शकतो, हे त्या महिन्यात दिसलं. आणि ज्याची खरोखर भीती धरायला हवी तो बहुतेक वेळा अनोळखी नसतोच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या पोक्सो कायद्याखालच्या गुन्ह्यांचे सरकारी आकडे बघा, दहातल्या नवाहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, घरी येणारा-जाणारा.

म्हणून माझ्या लेकीला मी बोलू नको म्हणत नाही. बोल, पण मला विचारल्याशिवाय कुणासोबत जायचं नाही. आणि "आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याचं सगळ्यात आधी आईला सांगायचं, मग तो मामा असो की मास्तर. माझा नंबर तिला मराठीत आणि कन्नडात पाठ आहे. तातडीच्या मदतीचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हेही माहीत आहेत. ज्या पोरीला प्रश्न विचारायची सवय आहे, ती नको ते घडलं तर तोंड उघडेल, असा माझा विश्वास आहे. मुलं खाकीला घाबरतात हे कायदाही जाणतो. २०१२च्या पोक्सो कायद्यात लिहिलंय की मुलाचा जबाब घेणाऱ्या पोलिसानं गणवेश घालायचा नाही, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही.

एक मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. आपल्या भागात खाकीची भीती नुसती ताटापाशी शिकवलेली नाही. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा मी तान्ही होते. पण त्या दिवसांतलं, दारं लावून बसलेल्या घरांचं बोलणं ऐकतच मी वाढले. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, इथली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीला बाबा निघाले की आई ते परत येईपर्यंत उंबऱ्यातच असायची. हे लेकीपासून लपवावं असं मला वाटत नाही. यंदा १ जूनला तिला त्या गोळीबारात गेलेल्यांच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर घेऊन गेले. फुलं वाहून झाल्यावर तिनं विचारलं, "यांना कुणी मारलं?" मी खरं ते सांगितलं. "पोलिसांनी? का?"

माझ्या भाषेसाठी ती माणसं रस्त्यावर आली होती, हे सांगितलं. पुढचं उत्तर मला येत नव्हतं, तेही सांगितलं. परतताना बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "विजापूरच्या काकांना विचारू?"

पुढच्या गणपतीला तेच येतील का, मला ठाऊक नाही. विचार म्हटलं.